कोलोनोस्कोपीत स्कोपचं वेटोळं दाखवणारी मॅग्नेटिक इमेजिंग: किनारपट्टीवरच्या छोट्या रुग्णालयात बसवताना

कातळसडा (राजापूर)

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या एंडोस्कोपी खोलीसाठी मॅग्नेटिक इमेजिंग घ्यायचा विचार चालू आहे. आठवड्याला आठ-दहा कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी) होतात. स्कोप, म्हणजे दुर्बिणीची नळी, १३३ सेंमीचा, कडकपणा कमी-जास्त करायची रिंग असलेला. सी-आर्म (क्ष-किरणांनी हलतं चित्र दाखवणारं यंत्र) आहे, पण तो हाडांच्या शस्त्रक्रियांना बांधलेला. भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोनच दिवस येतात, बाकीचे दिवस हलक्या सेडेशनवर (गुंगीवर) काम. त्यामुळे रुग्णाला न दुखवता सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या उजवीकडच्या, पार आतल्या टोकापर्यंत) पोचणं हाच कळीचा प्रश्न.

नेमकं विचारायचंय ते असं. पडद्यावर वेटोळं दिसलं तर हातांना त्याचा किती उपयोग होतो? आहे त्या स्कोपवर ही यंत्रणा चालते का? टेबल लोखंडी आहे, खोली समुद्रापासून फार लांब नाही, आणि जून लागला की वीज कधी जाईल याचा नेम नाही. यातलं काय आडवं येईल? ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया तपशिलात लिहावं.

सुरूबन (पोटविकार, अलिबाग)

कातळसडा, दुखण्यापासूनच सुरुवात करू, कारण ही यंत्रणा त्याच्यासाठीच आहे.

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला चिमटा घेतला तर रुग्णाला कळत नाही. बायोप्सी घेताना तो शांत पडलेला असतो. दुखतं ते आतडं ताणलं गेल्यावर आणि ज्या पदराला ते लटकलेलं असतं, तो मेसेंटरीचा पदर ओढला गेल्यावर. सिग्मॉइड, म्हणजे गुदाशयाच्या लगेच वरचा नागमोडी भाग, सैल असतं. मागून ढकललं की टोक पुढे सरकण्याऐवजी मधलाच भाग पोटात फुगत जातो. मॉनिटरवर मात्र टोकासमोरचा बोगदा तेवढा दिसतो. आपण ढकलतोय आणि चित्र जागच्या जागी, किंवा उलट मागेच सरकतंय, म्हणजे वेटोळं पडलं. एवढं आपल्याला नुसत्या हातानेही कळतं. वेटोळं कुठल्या जातीचं आणि कुठल्या बाजूला वळलेलं, हे मात्र कळत नाही.

मॅग्नेटिक इमेजिंगमध्ये स्कोपच्या नळीत ठरावीक अंतरांवर बारीक कॉइल बसवलेल्या असतात. त्या आळीपाळीने अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र सोडतात. रुग्णाशेजारी उभी केलेली डिश ते पकडते, संगणक प्रत्येक कॉइलची जागा काढतो आणि त्या जागा जोडून नळीचा आकार पडद्यावर रेखतो. क्ष-किरण अजिबात नाहीत, त्यामुळे तपासणी संपेपर्यंत चालू ठेवता येतं. ऑलिंपसचा स्कोपगाइड हा यातला सर्वांत रुळलेला. फुजीफिल्मचाही कोलोअसिस्ट प्रो आहे. मूळ कल्पना ब्रिटनमधली, १९९३ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलेली. पुढे २००० साली लॅन्सेटमध्येच लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातली तुलनात्मक चाचणी आली. चित्र समोर असताना वेटोळं सोडवायचे प्रयत्न कमी लागले आणि नळी वेटोळ्यात कमी वेळ राहिली. शिकाऊ हातांना फायदा जास्त, मुरलेल्या हातांना कमी, असंच एकूण चित्र आहे. तुमच्याकडे नवीन डॉक्टर शिकत असतील तर हा मुद्दा वजनदार धरा.

खाडीकाठ (एंडोस्कोपी तंत्रज्ञ, चिपळूण)

सर, वेटोळ्यांच्या जाती आणि त्यावर हात कसा फिरवायचा हेही लिहा ना. पडद्यावरची रेघ पाहून नवीन माणूस गोंधळतो.

सुरूबन

लिहितो.

पडद्यावर करडी नळी दिसते. जवळचा भाग उजळ, लांबचा भाग गडद. हा उजळ-गडद फरकच महत्त्वाचा. समोरून आणि बाजूने अशी दोन चित्रं शेजारी-शेजारी लावता येतात. ती लावाच, कारण एन लूप समोरून पाहिला तर सरळ वाटू शकतो आणि त्याचा फुगवटा बाजूच्या चित्रातच दिसतो.

एन लूप सगळ्यांत जास्त आढळतो. सिग्मॉइड वरच्या दिशेला ताणला जातो आणि डिसेंडिंगच्या (डावीकडच्या उभ्या आतड्याच्या) तोंडाशी स्कोपला टोकदार वळण पडतं. इथे ढकलत राहिलं की रुग्ण कण्हायला लागतो. स्कोप हळूहळू मागे ओढा आणि ओढता ओढता घड्याळाच्या दिशेने पीळ द्या.

अल्फा लूपमध्ये नळीचा एक पूर्ण वेढा दिसतो. तो बहुतेकदा टोकाला वाट मोकळी ठेवतो, म्हणून दुखत नसेल तर स्प्लेनिक फ्लेक्शरपर्यंत (प्लीहेजवळच्या वळणापर्यंत) जाऊ द्या आणि मग सोडवा. मागे ओढणं आणि घड्याळाच्या दिशेने पीळ, दोन्ही एकदम. रिव्हर्स अल्फा दिसायला तसाच, पण वेढा उलट्या बाजूचा. तिथे पीळ घड्याळाच्या उलट दिशेने. दोघांतला फरक एवढाच की वेढा जिथे स्वतःला ओलांडतो तिथे नळीचा कुठला पाय (बाजू) वर, म्हणजे उजळ, दिसतो. चित्र नसताना लोक सवयीने उजवा पीळ देतात, आणि रिव्हर्स अल्फा असेल तर तो अधिकच आवळतो. या एका गोष्टीसाठी मला ही यंत्रणा मोलाची वाटते.

वेढा सुटतोय हे कसं ओळखायचं? स्कोप बाहेर येतोय, २० ते ३० सेंमी बाहेर आला, तरी टोकासमोरचं चित्र जागेवरच आहे किंवा पुढेच सरकतंय. पडद्यावर वेढा लहान होत होत एकदम उघडतो. त्या क्षणी गुदद्वाराशी आकडा वाचा. टोक स्प्लेनिक फ्लेक्शरला असेल तर तो ५० सेंमीच्या आसपास हवा. ८०-९० असेल तर अजून कुठेतरी गुंता आहे. ५० आला की कडकपणाची रिंग आवळा, म्हणजे पुढे जाताना सिग्मॉइड पुन्हा फुगत नाही. वेढ्यात असताना ती रिंग कधीच आवळू नका.

ट्रान्सव्हर्स, म्हणजे मधलं आडवं आतडं, खाली ओटीपोटापर्यंत लोंबत असेल तर पडद्यावर खोलगट झोळी दिसते. ओढून ती वर उचलायची, बहुतेकदा डाव्या पिळाने, आणि त्याच वेळी हवा ओढून घ्यायची. हवा काढली की हेपॅटिक फ्लेक्शर (यकृताजवळचं वळण) आपणहून जवळ येतो. ट्रान्सव्हर्समध्येच पडणारा वेढा, म्हणजे गॅमा लूप, क्वचित पडतो आणि सोडवायला सर्वांत चिवट. तो नाही सुटला आणि रुग्णाला त्रास नसेल, तर तसंच पुढे जाण्यात गैर नाही.

मोगरा_सिस्टर (एंडोस्कोपी नर्सिंग, कुडाळ)

पोटावर हात दाबण्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

यंत्रणेसोबत हातात धरायची एक कॉइल येते. ती दाबणाऱ्याच्या हातात असली की पडद्यावर त्याच्या हाताची जागा ठिपक्याने दिसते. ती नसताना मामा किंवा मावशी 'इथे दाबू की तिथे' विचारत पोटभर हात फिरवत राहतात. ठिपका फुगवट्याच्या माथ्यावर आणायचा आणि तिथेच दाबायचं. तळहात पसरून दाबायचं, बोटं रुतवायची नाहीत.

क्रम चुकतो तो इथे: वेढा तसाच असताना पोट दाबतात. वेढा आधी ओढून सोडवायचा, मग हात ठेवायचा. हाताचं काम वेढा पुन्हा पडू न देण्याचं. परिणाम दिसत नसेल तर हात काढा, जोर वाढवू नका.

कुशी बदलणं हेही तितकंच कामाचं. सुरुवात डाव्या कुशीवर. स्प्लेनिक फ्लेक्शर पार होत नसेल तर उजव्या कुशीवर. ट्रान्सव्हर्समध्ये उताणं. हेपॅटिकला अडलं तर पुन्हा डाव्या कुशीवर, आणि रुग्णाला खोल श्वास घेऊन धरून ठेवायला सांगा, म्हणजे श्वासपटल खाली येतं आणि फ्लेक्शर ढकलला जातो. बाहेर काढतानाही हेच: सीकम ते हेपॅटिक डावी कूस, ट्रान्सव्हर्स उताणं, स्प्लेनिक आणि डिसेंडिंग उजवी कूस. जो भाग बघायचा तो वर आला की पाणी खाली उतरतं आणि हवा तिथे भरते. रुग्णाला वळवलं की पडद्यावरचं चित्रही वळतं, त्याची दिशा पुन्हा जुळवून घ्यायची. घाईत हे राहून जातं आणि डावं-उजवं उलटं धरलं जातं.

आणि हो, पोट साफ नसेल तर कुठलाही नकाशा कामाचा नाही. आपल्याकडे रुग्णाला 'हलकं खा' म्हटलं की तो नाचणीची भाकरी आणि उकड्या तांदळाची पेज खातो. दोन्हींचा कोंडा आतड्यात राहतो. ओल्या नारळाचा चव प्रत्येक भाजीत असतो, तो तर भिंतीला चिकटून बसतो. कुळीथ, फणस, काजू, करवंदं, जांभळं, पेरू तीन दिवस आधीपासून बंद. करवंदाच्या बिया स्कोपच्या आतल्या पोकळ मार्गात, म्हणजे चॅनेलमध्ये, ओढल्या गेल्या की सक्शन व्हॉल्व्हच्या खालच्या वळणात अडकू शकतात. मग बटण दाबलं की सूं आवाज येतो आणि ओढ नाही. व्हॉल्व्ह काढून तिथून सिरिंजने पाण्याचा दाब द्यावा लागतो, तोवर तपासणी थांबते. सोलकढी आणि कोकम सरबत आदल्या दिवशी नको. लाल रंग रक्तासारखा दिसतो, आणि सोलकढीत नारळाचं दूधही असतं. शहाळ्याचं पाणी चालतं, फक्त मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून, कारण त्यात पोटॅशियम भरपूर. साध्या पांढऱ्या तांदळाची गाळलेली पेज चालते.

पोट साफ करायचं औषध दोन हप्त्यांत द्या: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून किमान दोन तास आधी संपेल असं. लांबून एसटीने येणाऱ्या रुग्णाला सकाळचा हप्ता घेऊन प्रवास जमत नाही, म्हणून तो चुकवतो आणि उजवीकडचं आतडं घाण राहतं. अशांना दुपारची वेळ द्या आणि दुसरा हप्ता रुग्णालयातच, संडासाजवळच्या खाटेवर पाजा.

कातळसडा

मोगराताई, नारळाच्या चवाचं कधी सुचलंच नव्हतं. छापील सूचनेत घालतो. देव बरे करो.

टेबल आणि विजेबद्दल कोणी सांगेल का? शिवाय आमच्या स्कोपमध्ये कॉइल नाही, हे आज पुस्तिका पाहून कळलं.

जांभ्याची_विहीर (बायोमेडिकल इंजिनीअर, रत्नागिरी)

स्कोपचं आधी. कॉइल नसलेल्या स्कोपमध्ये वेगळा प्रोब बायोप्सी चॅनेलमधून सरकवता येतो, त्यात कॉइल असतात. पण त्याची किंमत हाताला मोजावी लागते. चॅनेल अडतं, सक्शन मंदावतं, आणि गाठ दिसली की प्रोब काढून स्नेअर (गाठ कापायचा तारेचा फास) घालावी लागते, तेव्हा चित्र जातं. गाळ जास्त असलेल्या रुग्णांत हे फार जाचक. पुढचा स्कोप घ्यायचाच असेल तर कॉइल आतच असलेला घ्या.

आता लोखंड. डिश जे मोजते ते फार क्षीण असतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातूचा पत्रा आला की त्यात भोवरे-प्रवाह उठतात आणि ते स्वतःचं क्षेत्र तयार करतात. लोखंड तर क्षेत्रच आपल्याकडे ओढून वाकवतं. दोन्ही बाबतींत यंत्रणा बंद पडत नाही, चुकीचं चित्र दाखवते, आणि धोका त्यातच आहे. सरळ नळी किंचित वाकडी दिसते, किंवा टोक पाठीत घुसल्यासारखं. म्हणून गादीखाली सलग पत्रा असलेलं टेबल नको. गादीखाली फायबर किंवा लाकडी फळी आणि लोखंड फक्त कडेच्या पट्ट्यांत असलेलं टेबल बरं. कडेचे रॉड खाली पाडा. सलाईनचा स्टँड, औषधांची स्टीलची ट्रॉली आणि सी-आर्म डिशच्या बाजूला येऊ देऊ नका. कॉटरीच्या (विजेने कापायच्या-जाळायच्या यंत्राच्या) केबलचं वेटोळं डिशशेजारी टाकू नका. डिश पोटाच्या उंचीला, पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर, तपासणीभर न हलवता. रुग्ण डिशपासून लांब सरकला की चित्र आधी थरथरतं आणि मग विझतं.

पेसमेकर किंवा आयसीडी (हृदयाला विजेचा झटका देणारं, शरीरात बसवलेलं यंत्र) असलेल्या रुग्णासाठी निर्मात्याच्या पुस्तिकेत इशारा आहे. त्यांच्यात ही यंत्रणा बंद ठेवून नेहमीसारखी तपासणी करायची. नाव नोंदवतानाच हा प्रश्न विचारण्याची सवय लावा, टेबलावर झोपल्यावर नाही.

वीज. जुन्या रॅकमध्ये झेनॉन दिवा एकटाच ३०० वॉटचा असतो, वर प्रोसेसर, मॉनिटर, पाण्याचा पंप आणि आता ही यंत्रणा. २ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस घ्या. लाइन-इंटरॅक्टिव्ह स्वस्त मिळतो, पण वीज गेल्यावर त्याला बॅटरीवर यायला क्षणभर लागतो आणि प्रोसेसर तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. झेनॉन दिवा विझला तर स्कोप आत असताना अंधार. जनरेटर सुरू व्हायला लागणाऱ्या वेळेपेक्षा दुप्पट बॅकअप ठेवा. कॉटरी मात्र या यूपीएसवर नको, तिला वेगळी लाइन.

अर्थिंगकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. जांभ्यात आणि कातळात अर्थिंगचा रोध मुळात जास्त. ऑगस्टमध्ये खड्डा ओला असताना मोजला तर आकडा छान येतो आणि सगळे निश्चिंत होतात. मोजायचं मे महिन्याच्या शेवटी, वळवाचा पाऊस पडायच्या आधी. पाच ओहमच्या आत हवा, जमल्यास दोनच्या. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात मीठच इलेक्ट्रोड खातं, म्हणून दर वर्षी उघडून बघा. नवीन करत असाल तर बेंटोनाइट भरलेला खोल बोअर अधिक टिकतो. हे रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी आधी आणि चित्राच्या स्वच्छतेसाठी नंतर.

दमटपणा. पावसाळ्यात एसीने गार झालेल्या खोलीचं दार उघडं राहिलं की बाहेरची ओली हवा गार कनेक्टरवर दव होऊन बसते, आणि किनाऱ्यावर त्या दवात मीठ असतं. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा, त्यासाठी वेगळा डिह्युमिडिफायर लागतो. नुसता एसी रात्री बंद केल्यावर काहीच करत नाही. स्कोप टांगूनच ठेवा, वाहतुकीच्या फोमच्या पेटीत कधीच नाही. फोम ओल धरतो आणि काचेला बुरशी येते. कनेक्टरचे धातूचे संपर्क धुण्याआधी टोपीने झाका. धुतल्यावर ते ७० टक्के अल्कोहोलच्या गॉजने पुसून पूर्ण कोरडे झाल्याशिवाय रॅकला लावू नका.

आणि प्रत्येक तपासणीनंतर, पाण्यात बुडवण्याआधी लीक टेस्ट. कॉइलच्या तारा केसासारख्या बारीक आहेत. बाहेरच्या रबराला टाचणीएवढं भोक पडलं आणि पाणी आत शिरलं, तर कॅमेऱ्यासोबत त्यांनाही गंज लागू शकतो. एखादी कॉइल गेली की तिथला बिंदू मिळत नाही आणि पडद्यावरची रेघ तेवढ्या भागात अंदाजाने ओढलेली असते. रोज सकाळी स्कोप सरळ टांगलेला असताना पडद्यावर सरळ दिसतो का, एवढं पाहिलं तरी हे लवकर कळतं.

भरती_ओहोटी (शस्त्रक्रिया, महाड)

सर्जनच्या बाजूने एक कळकळीची विनंती. रिपोर्टमध्ये 'गाठ ६० सेंमीवर' एवढंच लिहून पाठवू नका. वेढ्यात असलेल्या स्कोपचे ६० सेंमी म्हणजे सिग्मॉइडही असू शकतं आणि सरळ स्कोपचे ६० म्हणजे ट्रान्सव्हर्सचा मध्य. दोघांची शस्त्रक्रिया पूर्ण वेगळी. अंतर बाहेर काढताना, स्कोप सरळ असताना मोजा: साधारण सीकम ७०-८०, ट्रान्सव्हर्स ६०, स्प्लेनिक ५०, डिसेंडिंग ४०, सिग्मॉइड ३०. मॅग्नेटिक चित्र असेल तर टोक गाठीशी असतानाचं ते चित्र रिपोर्टला जोडा. आम्हाला त्याचा खरोखर उपयोग होतो.

शिवाय शाईची खूण करा. सीकम आणि खालच्या गुदाशयातल्या गाठींना ती लागत नाही, बाकी सगळ्यांना हवी. गाठीच्या गुदद्वाराकडच्या बाजूला साधारण ३ सेंमी सोडून, गाठीत नाही. निर्जंतुक कार्बनची शाई. आधी सुई तिरकी टेकवून सलाईन अर्धा ते एक मिली टोचा, अस्तर फुगून बुडबुडा आला की तीच सुई न हलवता सिरिंज बदला आणि शाई तेवढीच. हे तीन बाजूंना, कारण एकच खूण केली आणि ती नेमकी पाठीकडे गेली तर पोट उघडल्यावर दिसत नाही. सुई सरळ खुपसली तर शाई भिंतीपार पोटात सांडते आणि लॅपरोस्कोपीत सगळंच काळं दिसतं. खूण गाठीच्या कुठल्या बाजूला केली ते शब्दांत लिहा.

खाडीकाठ

यंत्रणा येईपर्यंत, किंवा नाहीच आली तर, जुन्या खुणा विसरू नयेत असं वाटतं. ट्रान्सव्हर्सचा बोगदा तिकोनी दिसतो. हेपॅटिक फ्लेक्शरला यकृताची निळसर सावली भिंतीतून दिसते, स्प्लेनिकलाही कधीकधी निळसर झाक असते. सीकमला तीन घड्या एकत्र येतात, अपेंडिक्सचं तोंड चंद्रकोरीसारखं, आणि त्याच्या थोडं मागे इलिओसीकल व्हॉल्व्हची (लहान आतडं जिथे मोठ्यात उघडतं त्या झडपेची) पिवळसर ओठासारखी घडी. उजव्या ओटीपोटावर बोटाने टिचकी मारली की आत भिंत हलताना दिसते.

सुरूबन

खाडीकाठ, हे फार महत्त्वाचं. पडद्यावर नळी प्रश्नचिन्हासारखी दिसली आणि टोक पोटात उजवीकडे खाली आलं की 'पोचलो' म्हणायचा मोह होतो. मॅग्नेटिक चित्र फक्त स्कोप दाखवतं, आतडं दाखवत नाही. लांब सिग्मॉइड उजवीकडे झुकलेलं असतं, लोंबता ट्रान्सव्हर्स खाली उतरलेला असतो, आणि टोक त्याच जागी दिसतं. अपेंडिक्सचं तोंड आणि व्हॉल्व्ह या दोन्हींचा फोटो काढल्याशिवाय सीकम लिहायचं नाही. पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या पोटात आतडं चिकटलेलं असेल तर तेही चित्रात दिसत नाही. फक्त एवढं दिसतं की ओढूनही वेढा सुटत नाहीये. तिथे जोर लावणं म्हणजे फाटण्याचा धोका. बारीक स्कोप घ्या, पाणी भरून पुढे जा, नाहीतर थांबा आणि सीटी कोलोनोग्राफीला (सीटी स्कॅनने मोठ्या आतड्याच्या तपासणीला) पाठवा.

हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरता आला तर यंत्रणेआधी तो घ्या, असं मी म्हणेन. आतड्यातून तो नायट्रोजनपेक्षा साधारण १५० पटीने लवकर शोषला जातो, तपासणीनंतरचा पोटफुगीचा त्रास फार कमी होतो. आत जाताना हवा बंद ठेवून कोमट पाणी भरत जाणं तर जवळजवळ फुकट आहे. पाण्याच्या वजनाने सिग्मॉइड डावीकडे खाली बसतं आणि वेढा मुळात कमी पडतो.

सागरगोटा (वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थी)

धाग्याला जोडूनच एक शंका. कॅप्सूल एंडोस्कोपीतही (गिळायच्या कॅमेरा-गोळीच्या तपासणीतही) जागा दाखवतात ना? आणि आता एआय आलं आहे. मग ते नेव्हिगेशनच (वाट दाखवणंच) नाही का?

सुरूबन

कॅप्सूलची गोष्ट वेगळी. ११ बाय २६ मिमीची गोळी आपण चालवत नाही, आतडंच तिला नेतं. पोटावर लावलेल्या संवेदकांना मिळणाऱ्या रेडिओ लहरींच्या तीव्रतेवरून जागा काढतात. त्यातून 'बेंबीच्या डावीकडे, वर' एवढं कळतं. लहान आतडं स्वतःच हलत असतं, म्हणून पोटावरचा बिंदू म्हणजे आतड्याच्या लांबीवरचं अंतर नव्हे. व्यवहारात वेळ जास्त कामाला येते: गोळी लहान आतड्यात शिरल्यापासून मोठ्या आतड्यात पोचेपर्यंतचा एकूण वेळ, आणि त्याच्या कितव्या टक्क्याला गाठ दिसली. कोणी ६० टक्के धरतात, कोणी ७५. त्याच्या आत असेल तर पुढची एन्टरोस्कोपी (दुर्बिणीने लहान आतड्याची तपासणी) तोंडावाटे, पलीकडे असेल तर गुदद्वारावाटे. आपल्याकडे आतड्याचा क्षय अजूनही दिसतो, त्याने आतडं अरुंद झालं असण्याची शंका असेल तर आधी विरघळणारी चाचणी-कॅप्सूल द्या, नाहीतर खरी गोळी अडकून बसते. गोळी बाहेर पडेपर्यंत एमआरआय नाही. जठरासाठी बाहेरच्या चुंबकाने वळवता येणाऱ्या कॅप्सूल निघाल्या आहेत, त्यांना जठर पाण्याने फुगवून ठेवावं लागतं. लहान आतड्यात तशी हुकमत मिळत नाही.

एआयचं बोलायचं तर जीआय जीनियससारख्या यंत्रणा (अमेरिकेच्या एफडीएची परवानगी २०२१) चित्रात पॉलिपसारखं (अस्तरावरच्या मांसल गाठीसारखं) दिसलं की चौकट टाकतात. कुठे आहोत हे त्या सांगत नाहीत. घडीमागे लपलेली गाठ चौकटीत येणार नाही, कारण ती चित्रातच आलेली नाही. फेस, मळाचे कण, सक्शनने चोखलं गेलेलं अस्तर यांवरही चौकट उमटते. फेसासाठी सिमेथिकोन द्या. बाहेर काढायला किमान सहा मिनिटं, हल्ली आठ म्हणतात, ती घड्याळ लावून पाळा. वेटोळं सोडवणारी यंत्रणा आत जाताना कामाची, चौकटवाली बाहेर येताना. एकीच्या बदल्यात दुसरी घेता येत नाही.

रापण (क्षकिरण विभाग, मालवण)

एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमध्ये (दुर्बिणीच्या टोकावरून केलेल्या सोनोग्राफीत) खरं 'नकाशावर बोट ठेवणारं' नेव्हिगेशन करून पाहिलं गेलं आहे. टोकाला चुंबकीय संवेदक लावायचा, आधी काढलेला सीटी संगणकात भरायचा, रुग्णाच्या अंगावरच्या खुणा आणि सीटीतल्या खुणा जुळवायच्या, की अल्ट्रासाउंडच्या चित्राशेजारी सीटीचा तोच काप दिसतो. स्वादुपिंडाभोवती दिशा हरवते तिथे हे मोहक वाटतं. अडचण अशी की सीटी श्वास रोखून, उताणं झोपवून काढलेला असतो आणि तपासणी डाव्या कुशीवर, श्वास चालू असताना होते. जठर फुगवलं की स्वादुपिंड सरकतं. हाडाला जखडलेल्या मेंदूत किंवा मणक्यात जी अचूकता मिळते ती इथे मिळत नाही. म्हणून रोजच्या कामात अजून महाधमनी, प्लीहेची शीर, पोर्टल शीर यांचाच माग धरत जातात. ईआरसीपीला (दुर्बिणीतून पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांवर करायच्या उपचाराला) तर आजही सी-आर्मच. तुम्ही पुढे ईआरसीपी सुरू करणार असाल तर सी-आर्म आणि मॅग्नेटिक डिश एकाच टेबलाभोवती मावतात का, याचा विचार खोली आखतानाच करा.

कातळसडा

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलेला क्रम असा: आधी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याचा पंप, अर्थिंगची मोजणी मे अखेरीस, टेबल बदलायचं, आणि स्कोप घ्यायची वेळ आली की कॉइलवाला. प्रात्यक्षिक दाखवायला विक्रेता येईल तेव्हा नेमकं काय तपासून घ्यावं?

जांभ्याची_विहीर

प्रात्यक्षिक तुमच्याच खोलीत, तुमच्याच टेबलावर घ्या. शोरूमच्या लाकडी टेबलावरचं चित्र काही सांगत नाही.

गादीवर मोठा कागद पसरा. पेनाने त्यावर सरळ १ मीटरची रेघ, एक अल्फाचा वेढा आणि एक रिव्हर्स अल्फाचा वेढा काढा. स्कोप त्या रेघेवर अलगद ठेवा आणि पडद्याशी ताडून पाहा. वेढा ओलांडतो तिथे वरचा पाय खरोखर उजळ दिसतो का, तेही बघा. मग एकेक गोष्ट जवळ आणत चला: सलाईनचा स्टँड, स्टीलची ट्रॉली, उचललेला कडेचा रॉड, चालू केलेली कॉटरी. कुठल्या वस्तूने, किती अंतरावर रेघ वाकडी व्हायला लागते ते कागदावरच लिहून ठेवा. गादीच्या डोक्याकडे, मध्ये आणि पायाकडे अशा तीन जागी हेच करा, कारण टेबलाचा लोखंडी खांब बहुधा मध्याच्या खाली असतो. शेवटी मुख्य वीज बंद करून यूपीएसवर पाहा.

चांगली जागा सापडली की डिशच्या पायांभोवती आणि टेबलाच्या चाकांभोवती फरशीवर रंगीत चिकटपट्टी लावा. रात्री फरशी पुसताना डिश हलते, सकाळी मामांनी ती त्याच चौकटीत आणून ठेवायची.